‘छान आहे’च्या पुढे

टेम्पोतून पुस्तकांचे गठ्ठे उतरले तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "अगं बाई, एवढी पुस्तकं ठेवायची कुठं?" पाचशे प्रती! भिशीचे आणि शिकवण्यांचे साठवलेले पैसे घालून मी माझा कथासंग्रह स्वतःच छापला होता. दिवाणात दोनशे, माळ्यावर दोनशे आणि उरलेल्या शंभर वाटायला.

श्रीरामपुरात छोटासा प्रकाशन समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पेढे, सगळं यथासांग. पाहुण्यांनी पुस्तक उघडलेलंच नाही, हे मात्र त्यांच्या भाषणावरून सगळ्यांना कळलं!

मग मी वाट पाहू लागले. जाऊबाई म्हणाल्या, "कव्हर छान आहे हं!" मामेबहिणीने व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवला. चार वर्तमानपत्रांना दोन-दोन प्रती पाठवल्या. एकात ‘साभार पोच’ सदरात पुस्तकाचं नाव, पानं आणि किंमत छापून आली, बाकी शांतता. एका गृहस्थांनी तर फोन करून परीक्षण लिहून देण्याचा ‘दर’च सांगितला. मी फोन ठेवून दिला. दोन महिने झाले, पण कथा कुणाला कशा वाटल्या ते कळेना.

त्याच दिवसांत ताराबाई शिंदे यांच्याबद्दल वाचलं. बुलढाण्याच्या या बाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतलं. प्रती किती? पाचशेच! माझ्या दिवाणाकडे बघून मला हसू आलं. पण पुढचं वाचून हसू मावळलं. पुस्तकावर टीकेची झोड उठली. महात्मा फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते नव्या वाचकांपर्यंत पोचलं.

मनात आलं, लिहिणाऱ्या बाईला नुसतं कौतुक नको असतं. वाचून, समजून बोलणारं माणूस हवं असतं. आणि मी तर पुस्तक दिलं होतं न वाचणाऱ्यांना!

संक्रांत जवळ आली होती. दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटायचे, यंदा पुस्तक द्यायचं ठरवलं. पण सगळ्यांना नाही. वाचनालयातल्या ताईंना विचारून नेमाने पुस्तकं नेणाऱ्या बायकांची यादी केली. आपल्या नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचं. वाचणाऱ्या बायका गावोगावी आहेत, फक्त त्यांना कुणी मत विचारत नाही. तीस जणींना बोलावलं. प्रत्येक प्रतीत माझा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवलं आणि तीन प्रश्न. कुठे कंटाळा आला? कोणतं माणूस खोटं वाटलं? हे पुस्तक तुम्ही कुणाला वाचायला द्याल? खाली टीप, ‘छान आहे’ असं लिहू नये!

तीसपैकी अकरा कार्डं परत आली. एकीने शुद्धलेखनाच्या सतरा चुका पानांसकट कळवल्या. दुसरीने लिहिलं, तुमच्या सगळ्या सासवा एकसारख्याच कशा? (हे कार्ड सासूबाईंनीच आधी वाचलं!)

पण एका कार्डाने माझी झोप उडवली. ते होतं अंगणवाडीत मदतनीस असलेल्या ताईंचं. माहेर पाथर्डी तालुक्यातलं, आई-वडील ऊसतोड करणारे. माझी एक कथा ऊसतोडीला गेलेल्या बाईवर होती आणि तीच मला सगळ्यात आवडायची. ताईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "तुमची पारू पाचला उठते. माझी आई तीनला उठायची. पाणी, भाकरी उरकून अंधारातच फडात जायची. पोटात दुखलं तरी जायची, कारण खाडा झाला की उचलीतून पैसे कापायचे. ताई, तुम्ही कोपी रस्त्यावरून बघितली, आत आला नाहीत."

आधी राग आला. वाटलं, ही कोण मला सांगणार? दोन दिवस कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कथा पुन्हा वाचली. ताईंचं खरं होतं. बसस्टॉपवरून दिसलेल्या कोप्यांवर मी अख्खी कथा रचली होती.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत आईबद्दल सांगत राहिल्या. ती कथा मी नव्याने लिहिली आणि छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवली. एका ठिकाणी त्यांनी डोळ्याला पदर लावला, दोन ठिकाणी "हे असं नसतं" म्हणून थांबवलं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी स्वतःचं पुस्तक काढलं असेल, तर एवढं करून बघा. प्रती नात्यागोत्यात वाटून संपवू नका, पंचवीस-तीस तरी खऱ्या वाचणाऱ्यांसाठी राखून ठेवा. नुसतं ‘अभिप्राय द्या’ म्हणू नका, नेमकं काय हवंय ते विचारा. वाचायला महिनाभर द्या, रोज फोन करून भंडावू नका. आणि कुणी चूक दाखवली तर लगेच वाद घालू नका, दोन दिवस जाऊ द्या.

आणि वाचणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात अशी एखादी भेट मिळालेली प्रत असेलच. आज दुपारी काढा, वाचा आणि जे वाटलं ते त्या बाईला चार ओळींत कळवा. ती वाट बघत असेल.

माझ्या दिवाणात अजून दीडशे प्रती आहेत. पण आता सासूबाई विचारतात, "आज आलं का गं कुणाचं कार्ड?"