पेठेचा फुटबॉल, अमेरिकेचा सॉकर

विश्वचषकाचा महिना आला की कोल्हापुरात पेठांच्या तोंडाशी अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. मेस्सी-नेमारचे फलक गणपतीच्या कमानीइतक्याच हौसेने उभे राहतात. मग पुण्या-मुंबईच्या एखाद्या वार्ताहराला बातमी सापडते, क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात फुटबॉल वाढतोय! शिवाजी पेठेतला माणूस ती वाचून हसतो. त्याच्या घरात दोन-तीन पिढ्या शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडत आल्यात. वाढायचा तो खेळ केव्हाच वाढलेला आहे.

अमेरिकेत मात्र फुटबॉल, म्हणजे तिथला सॉकर, वाढतोय का, हा प्रश्न गेली पन्नास वर्षं विचारला जातोय. 1975 मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला गेला, तेव्हा आता हा देश सॉकरचा होणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कॉसमॉसची ती लीग 1984 च्या हंगामानंतर बंद पडली. 1994 चा विश्वचषक अमेरिकेत भरला. 52 सामन्यांना जवळपास 36 लाख प्रेक्षक आले, तोवरच्या कोणत्याही विश्वचषकापेक्षा जास्त. त्यातून 1996 मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली, दहा संघांची. 2025 मध्ये संघ तीस झाले. मधल्या काळात, जुलै 2023 मध्ये, खुद्द मेस्सी इंटर मायामीत दाखल झाला.

इतकं झाल्यावर लोकप्रियता वाढलीच असणार, असं वाटतं. पण गॅलप या संस्थेची पाहणी वेगळंच सांगते. पाहायला सर्वांत आवडणारा खेळ म्हणून सॉकरचं नाव 2017 मध्ये सात टक्के अमेरिकनांनी घेतलं होतं. 2023 च्या अखेरीस पाच टक्क्यांनी. त्यांचा तो हातात धरून पळायचा फुटबॉल 41 टक्क्यांवर. संघ वाढले, पैसा वाढला, आणि टक्का जिथल्या तिथे, किंबहुना थोडा खालीच.

खेळणाऱ्यांची तिथे कधीच वाण नव्हती. शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात जा, मैदानं पोरांनी भरलेली असतात; न्यू जर्सीत नातवंडांकडे गेलेले आपले आजी-आजोबाही कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले दिसतील. मुलींचं तर विचारूच नका. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा 1972 चा कायदा शाळा-कॉलेजांच्या मैदानांपर्यंत पोचला आणि अमेरिकेच्या महिलांनी चार विश्वचषक जिंकले. तरीही मोठेपणी तीच मुलं रविवारी टीव्हीसमोर बसतात ती दुसराच खेळ पाहायला.

असं का होत असावं? माझ्या मते याचं उत्तर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मिळतं. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो तालमींच्या आधाराने. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांतून तालमी नांदत्या राहिल्या, आणि पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उतरवले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. लाल मातीची ही नावं गोलफलकावर चढली. जी तालीम गणपती बसवते, शिवजयंती करते, तीच सामना खेळते. समर्थक होण्यासाठी काही ठरवावं लागत नाही. ज्या गल्लीत जन्म, तिचा संघ. इथल्या माणसाला आवडता खेळ विचाराल तर तो कदाचित क्रिकेटही म्हणेल, पण त्याच्या तालमीबद्दल वावगं बोलून पाहा.

अमेरिकेतला क्लब ही मालकाची गुंतवणूक असते. सॅन डिएगोला लीगमध्ये शिरायला पन्नास कोटी डॉलर मोजावे लागले. 2005 च्या हंगामानंतर सॅन होजेचा अख्खा संघ उचलून ह्यूस्टनला नेला गेला, खेळाडूंसकट. पाटाकडील तालीम इचलकरंजीला हलवली, अशी नुसती अफवा उठवून बघा!

पेठेच्या या प्रेमाची किंमतही आहे. ईर्षा गॅलरीतून रस्त्यावर उतरते, हुल्लडबाजी होते, पोलीस येतात, स्पर्धा थांबतात. चषकांना नेत्यांची नावं लागतात. जिंकण्यासाठी गोवा-बंगालपासून नायजेरियापर्यंतचे खेळाडू हंगामापुरते आणले जातात आणि पेठेतला पोरगा राखीव बाकावर बसतो. गर्दी आहे, ईर्षा आहे, संस्थानकाळापासून राजघराण्याचं पाठबळ आहे. त्या घराण्यातले मालोजीराजे छत्रपती तर 2022 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही गेले. नाही ती बारा-तेरा वर्षांच्या पोराला हेरून वर नेणारी शिडी.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव वर गेला तो पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीतून. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताच्या आघाडीच्या फळीत होता. 6 ऑक्टोबरला दिल्लीत भारताचा पहिलाच सामना पडला अमेरिकेशी, आणि आपण तीन-शून्यने हरलो. त्या अमेरिकी चमूतल्या टिमथी वेआने पाच वर्षांनी कतारच्या विश्वचषकात वेल्सवर गोल केला. अनिकेत जमशेदपूर आणि हैदराबादकडून इंडियन सुपर लीग खेळला. भर स्टेडियमात तालमींच्या नावाने गर्जना करणाऱ्या गावातून या पातळीवर पोचलेली नावं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आणि ज्या देशात पाच टक्क्यांनाच हा खेळ सर्वांत आवडतो, तो विश्वचषकाला पात्र ठरण्याची धडपड नेटाने करतो.