विषारी चिखलातील शिंपले

समुद्रतळाच्या काळ्या चिखलात बोटभर खाली गेले, की प्राणवायू जवळजवळ संपतो आणि पेशींतील श्वसनाचा कारभारच बंद पाडणाऱ्या, सडक्या अंड्याचा दर्प असलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा अंमल सुरू होतो. तरीही शिंपल्यांच्या कित्येक जाती या मुलखात सुखेनैव नांदतात. पुष्कळांची तजवीज साधी आहे: पुटे घट्ट मिटून, हृदयाची गती मंद करून, साठवलेल्या ग्लायकोजनवर प्राणवायूवाचून निभाव लावायचा.

याहून विलक्षण बंदोबस्त कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिकोच्या खारफुटीत, गंधकयुक्त चिखलात राहणाऱ्या ल्युसिना पेक्टिनाटा या शिंपल्याचा आहे. त्याच्या कुळातील शिंपले लांब, कृमिसदृश पायाने चिखलातून वरपर्यंत श्लेष्माने लिंपलेली नळी करतात व तिच्यातून ताजे पाणी ओढून घेतात. त्याच्या कल्ल्यांत आश्रयाला असलेल्या जीवाणूंना सल्फाइड व प्राणवायू, ही एकत्र फार काळ न टिकणारी द्रव्ये, दोन्ही लागतात. म्हणून कल्ल्यांच्या पेशींत तीन प्रकारची हिमोग्लोबिने आहेत, ज्यांतले एक सल्फाइड धरते आणि उरलेली दोन, सल्फाइड शेजारी असूनही, प्राणवायूच धरून ठेवतात. प्राणघातक विषाची इतकी रीतसर ने-आण करणारी ही योजना मला तरी प्राणिसृष्टीतील परम आदरणीय रचनांपैकी एक वाटते.

या सेवेच्या मोबदल्यात जीवाणू कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करून यजमानास पुरवतात. असेच जीवाणू बाळगणाऱ्या सोलेमिया रीडी या पॅसिफिक महासागरातील शिंपल्याला तर आतडेही उरलेले नाही.