ठाण्यासमोरचं भांडण

भर बाजारात नवरा बायकोला बडवतोय. बायको ओरडतेय, माणसं जमलीत, आणि समोरच्या ठाण्यातले पोलीस मजा बघताहेत. मग नवऱ्यानं मोठा धोंडा उचलला. आता हा जीवच घेतो म्हटल्यावर पोलीस धावत बाहेर आले. तेवढ्यात ठाण्यात शिरलेल्या पोरांनी बंदुका पळवल्या!

गाव भवानीनगर, आजचा सांगली जिल्हा; साल १९४३. नवरा खोटा, भांडण खोटं, मार तेवढा खरा. पोलिसांना संशय येऊ नये म्हणून तो खराच खावा लागला, आणि त्याबद्दल बायको झालेल्या हौसाताई पाटील पुढं सहकाऱ्यांवर चिडल्याही होत्या. वय सतरा. वडील क्रांतिसिंह नाना पाटील, प्रतिसरकारचे नेते.

आपल्या वऱ्हाडात बेचाळीस म्हटलं की यावली आणि बेनोडा आठवतात. ऑगस्टचा तो उठाव, गोळीबार, मग धरपकड. साताऱ्याकडं मात्र भूमिगतांचं हे प्रतिसरकार १९४६पर्यंत चाललं. त्याची न्यायदानाची सोय होती, स्वतःची तुफान सेनाही होती. मागं इंग्रजांची फौज असताना हे तीन-चार वर्षं टिकलं कसं? डोंगर होते, गावांची साथ होती, हे खरंच. पण निरोप, भाकरी आणि हत्यारं पोचवणारी माणसं लागत होती, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाची नजर पुरुषांवर असायची. डोक्यावर पदर घेतलेली बाई त्याच्या हिशोबातच नव्हती.

त्याच १९४३च्या जूनमधला एक योगायोग बघा. ७ तारखेला शेणोलीजवळ तुफान सेनेनं रेल्वेतून जाणारे सरकारी पगार लुटले. दहाएक दिवसांनी नूर इनायत खान रात्री विमानानं जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. तिचे वडील बडोद्याचे, गायकवाडांच्या दरबारी गवयांच्या घराण्यातले. पॅरिसमधून ती लंडनला बिनतारी संदेश धाडायची. ऑक्टोबरात पकडली गेली, आणि सप्टेंबर १९४४मध्ये दाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. नूर इंग्रजांसाठी लढत होती, हौसाताई इंग्रजांविरुद्ध. इतिहासाला याची काही अडचण वाटत नाही; आपल्यालाच वाटते.

हौसाताईंच्या धाडसापेक्षा मला त्यांच्या घरची गोष्ट जास्त थक्क करते. आई त्या तीन वर्षांच्या असतानाच गेलेली. वडील भूमिगत झाले आणि सरकारनं घर-जमीन जप्त केली. भीतीपोटी कुणी कामालाही बोलवेना. शेवटी मामानं बैलजोडी आणि गाडी दिली. गूळ, शेंगा, ज्वारी वाहून घर चाललं. रेल्वे लुटणाऱ्यांच्या, डाकबंगले जाळणाऱ्यांच्या तुकड्यांत जाणारी पोरगी अशा घरातली होती.

१९४४मध्ये त्या पोर्तुगीजांच्या गोव्यात गेल्या. सहकारी बाळ जोशी तिथं तुरुंगात होते. हौसाताई बहीण म्हणून भेटायला गेल्या, सुटकेच्या बेताची चिठ्ठी अंबाड्यात खोचून. परतताना मध्यरात्री मांडवी ओलांडायची होती आणि पोहणं यायचं ते विहिरीपुरतंच. मग एक लाकडी पेटी पाण्यात सोडली, त्या तिच्यावर आडव्या झाल्या आणि सोबतचे पोहत राहिले.

२३ सप्टेंबर २०२१ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्याआधी कितीतरी वर्षं ही हकीकत त्या स्वतःच सांगत होत्या, आणि ठाण्यासमोरच्या त्या माराची तक्रारही.