अमेरिकी शेल्फ-घड्याळाची पारख

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात शेल्फ-घड्याळे, म्हणजे भिंतीवर न टांगता फळीवर ठेवायची लंबकाची घड्याळे, मोठ्या प्रमाणावर तयार झाली. अशा घड्याळाची पारख करताना किमतीचा विचार शेवटी करावा आणि यंत्र, पेटी व कागदी लेबल या तिन्ही गोष्टी एकाच काळाच्या आहेत का, हे आधी पडताळावे.

काळाचा पहिला अंदाज यंत्रावरून येतो. घड्याळकार एली टेरी यांनी १८१६ मध्ये पेटंट घेतलेल्या घड्याळातील चाके लाकडी होती. १८३० च्या दशकाच्या अखेरीस चॉन्सी जेरोम यांनी पत्र्यातून कापलेल्या पितळी चाकांचे स्वस्त यंत्र बाजारात आणले आणि लाकडी यंत्रे लवकरच मागे पडली. ही पितळी यंत्रे बहुधा ‘ओजी’ पेटीत, म्हणजे नागमोडी वळणाच्या चौकटीच्या, सुमारे २६ इंच उंचीच्या पेटीत बसवली जात. पेटी साध्या पाइनची असे, तिच्यावर महोगनीचा पातळ थर चिकटवलेला असे आणि दाराच्या खालच्या काचेवर मागच्या बाजूने चित्र रंगवलेले असे.

पेटीच्या आत चिकटवलेल्या लेबलावर कारखानदाराचे नाव, गाव आणि पुष्कळदा मुद्रकाचा पत्ताही छापलेला असतो. सेथ थॉमस यांच्या कारखान्याचे गाव आधी प्लिमथ हॉलो म्हणून ओळखले जाई आणि पुढे त्यांच्याच नावावरून थॉमस्टन झाले. त्यामुळे लेबलावरील गावाच्या नावानेही काळाची मर्यादा ठरते. याच कंपनीच्या नंतरच्या अनेक घड्याळांवर वर्षाचे आकडे उलट्या क्रमाने छापलेले असून ‘९८८१’ म्हणजे १८८९ असे वाचावे लागते.

तथापि लेबल पेटीविषयी सांगते. आतील यंत्र मूळचेच असेल, याची खात्री ते देत नाही. यंत्रातील चावी बसवायची टोके तबकडीच्या छिद्रांसमोर येत नसतील किंवा मागच्या फळीवर निरुपयोगी छिद्रे दिसत असतील, तर यंत्र बदलल्याचा संशय रास्त ठरतो.

म्हणून वर्णनात मापे, चावीचा अवधी (३० तास की ८ दिवस), शक्तीचा स्रोत (वजने की स्प्रिंग), टोल देण्याची व्यवस्था आणि प्रत्येक दुरुस्ती नोंदवावी. जे पाहिले ते आणि जे अनुमानिले ते वेगळे लिहावे. पेटी घासून नव्याने पॉलिश करणे किंवा लेबल ओल्या फडक्याने पुसणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला तपासता येणारा पुरावाच कायमचा नष्ट होतो.