रायफल निवडताना कानांचाही विचार करा

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात .२२ म्हणजे ५.६ मिलिमीटर कॅलिबरची रायफल असते. याहून लांबचा नेम साधायचा तर मोठे कॅलिबर लागते. जड, वेगवान गोळी वाऱ्याने कमी ढळते. पण दारू जास्त, म्हणून खांद्याला धक्का आणि कानाला आवाजही जास्त.

.२२ चा आवाज साधारण १४० डेसिबल, मोठ्या रायफलींचा १६० च्या आसपास. इतक्या मोठ्या आवाजाचा एक बारही अंतर्कर्णातील केसपेशी कायमच्या मारू शकतो. त्या पुन्हा तयार होत नाहीत. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे बहुधा तोच आधी अधू होतो. नळीला मझल ब्रेक असेल तर धक्का कमी बसतो, पण नेमबाजाच्या कानावरचा आवाज वाढतो.

म्हणून सुरुवात .२२ ने करा. कापसाचे बोळे पुरत नाहीत; मोठ्या रायफलीला कानात प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही हवेत. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू कमी आले, तर दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.