स्टुटगार्टच्या फायलीत कोऱ्हाळ्याचा ऊस

“इन्कम टॅक्सचं रिटर्न भरता का, तात्या?”

“शेतीला कुठला आलाय टॅक्स?” तात्या टोपी सारखी करतात. “दोन एकर ऊस हाय. बिल कारखान्याचं, जमा बँकेत. त्यात दडवायचं काय हाय?”

सेवा केंद्र चालवणारी मुलगी व्हिसाच्या कागदांच्या यादीतल्या त्या ओळीपुढं पेन्सिलीनं खूण करते आणि पुढच्या ओळीवर जाते. पगाराची पावती, कंपनीचं पत्र, मंजूर रजा. तात्या गप्प. या ओळींपुढंही तीच खूण पडते.

नीरा-बारामती रस्त्याकडेचं हे केंद्र. एरवी इथं सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा अशीच कामं चालतात. दसरा होऊन गेलाय, दुपार आहे, गर्दी नाही. तात्या आणि काकी लेकीकडं जर्मनीला निघालेत. लेक स्टुटगार्टला, जावई तिथंच इंजिनिअर, जानेवारीत बाळंतपण. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्या राज्याची ही राजधानी. मुलं आधीच तिकडं पोचलीत. आता आईबाप जायचे आहेत. मराठी कागदांचे इंग्रजी तर्जुमे तपासून द्यायला मला बोलावलंय.

पहिला पेच अर्जातच आहे. प्रवासाचं कारण काय लिहायचं? तात्यांना कुणीतरी सांगितलंय की ‘पर्यटन’ लिहा, टुरिस्ट व्हिसा लवकर मिळतो. मुलगी ऐकत नाही. “व्हिसा त्याच प्रकारचा आहे तात्या, कमी मुदतीचा शेंगेन. पण कारणात ‘नातेवाइकांची भेट’ अशी वेगळी जागा आहे, तिथंच खूण करायची. पर्यटन लिहिलं तर हॉटेलं दाखवावी लागतील. तुम्ही हॉटेलात राहणार आहात का?”

“लेकीचं घर असताना?”

मग प्रश्न मिटतो.

जावयानं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, २९ युरो भरून एक हमीपत्र करून पाठवलंय. सासूसासऱ्यांचा राहण्या-जेवणाचा, दवाखान्याचा, वेळ पडली तर परत पाठवण्याचाही खर्च मी करीन, असं त्यात बांधून दिलेलं असतं. ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ हे त्याचं नाव तात्या उच्चारायच्या भानगडीत पडत नाहीत. कागद मात्र ते उलटा करून ठेवतात.

“जावयाच्या पैशावर जायचं न्हाई मला. माझा मी जाणार.”

काकी काही बोलत नाहीत, पण त्यांनाही तेच वाटतंय हे दिसतं. लेक दिलेल्या घरी हात हलवत जायचं नाही, तिथं भार व्हायचं नाही, हा संस्कार दोघांच्या अंगात मुरलेला आहे. मुलगी समजुतीनं घेते. हमीपत्र फायलीत राहू द्या, त्याचा आधारच होतो. आणि तुमचे स्वतःचे कागदही जोडू. तात्या कागद सुलटा करतात.

इथून खरं काम सुरू होतं. बँकेचं गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट समोर येतं. त्यात महिनोन् महिने किरकोळ रकमा, दुधाचे पैसे, खतांची उधारी फेडलेली, आणि मध्येच एकदम मोठी जमा. पगारी माणसाचं खातं बघायची सवय असलेल्या अधिकाऱ्याला ही जमा संशयाची वाटू शकते, कारण व्हिसासाठी उसने पैसे आणून खात्यात भरणारेही असतात. पण उसाचा पैसा असाच येतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टला, तोड पंधरा-सोळा महिन्यांनी, मग पहिली उचल, आणि उरलेलं बिल दिवाळीच्या तोंडावर. दरमहा पगार नाही म्हणजे उत्पन्न नाही, असं कुणी समजू नये, आणि ते समजावून सांगायची जबाबदारी फाईल करणाऱ्यावर येते. म्हणून आम्ही एक साधं पत्र लिहितोय: लागण कधी, तोड कधी, कोणत्या तारखेची जमा कोणत्या बिलाची. सोबत सोमेश्वर कारखान्याच्या बिलांच्या पट्ट्या, डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ.

सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं. मुलगी विचारते, “वाटणी झालीय का?”

“तोंडी झालीय. भांडण न्हाई कसलं.”

भांडण नसल्यामुळं कागद झालेला नाही. मग दोन्ही भावांचं संमतीपत्र जोडायचं ठरतं, आणि तात्या नसताना रान धाकटे आप्पाच बघतील हेही त्यातच लिहायचं ठरतं.

तेवढ्यात तात्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढतात. कारखान्याकडची ऊस नोंदीची पावती. गट नंबर, जात, लागणीची तारीख. “हे लागतंय का?” ते जरा संकोचानंच विचारतात.

लागतं, आणि फार लागतं. व्हिसा देणाऱ्याच्या मनातला मोठा प्रश्न एकच असतो: हा माणूस परत येईल का? नोकरदार त्याचं उत्तर रजेच्या पत्रानं देतो. या पावतीत त्याहून पक्कं उत्तर आहे. ऊस तुटला की त्याच रानात खोडवा फुटतो, त्याला नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाचं पाणी द्यायचं असतं, आणि मार्चपुढचा उन्हाळा आप्पांवर टाकून तात्या परमुलखात बसणार नाहीत, हे कोऱ्हाळ्यात कुणालाही विचारा. मुंबईच्या वकिलातीत हे सांगायला गावातलं कुणी नसणार. म्हणून मी पावतीचा तर्जुमा सगळ्यात आधी करायला घेतो आणि ती फायलीत वर लावा असा आग्रह धरतो. नकार आला तर पूर्वी जर्मनीकडं फेरविचाराची विनंती करता यायची. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झालीय. आता नव्यानं अर्ज, नव्यानं फी, नाहीतर तिथलं कोर्ट. एका माणसाची नुसती व्हिसा फी ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे.

दोघांच्याही पासपोर्टवर जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. बरोबरीच्या कितीतरी जणांची हीच आहे, आणि सगळ्या कागदांवर एकच असल्यानं अडचण नाही. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत यंदाच केलीय. काकींच्या फोटोत पदर डोक्यावर आलाय. फोटो पुन्हा काढावा लागेल, ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पडद्यावर.

“आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही पुण्याला जावंच लागेल,” मुलगी म्हणते.

काकी हात पुढं करतात. खुरपणीनं बोटांच्या रेघा झिजल्यात. “रेशनच्या मशीनवरच उठत न्हाईत माझे.”

“रोज रात्री खोबरेल लावा काकी, आणि त्या आठवड्यात खुरपं धरू नका.”

काकी हसतात. आठवडाभर खुरपं न धरणं त्यांना जर्मनीपेक्षा अवघड वाटतंय.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर आता दिवस मोजणं चाललंय. काकींना चार महिने हवेत. सव्वा महिना तर बाळंतिणीचाच. पण १८० दिवसांत ९० दिवसांवर राहता येत नाही, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. १५ डिसेंबरला पोचलं तर १४ मार्च हा नव्वदावा दिवस. काकी पुन्हा मोजतात. मुलगी १० मार्चचं परतीचं बुकिंग सुचवते. तिकीट पक्कं नाही, नुसतं आरक्षण. पैसे व्हिसा मिळाल्यावर भरायचे. विमा मात्र आत्ताच, ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला, पूर्ण मुक्कामाचा.

लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. काकी आधी तिच्या पायांची सूज विचारतात, मग डिंकाच्या लाडवांचं.

“आई, तूप आणू नकोस, पेढे, खवा काही नको. दुधाचं काही विमानतळावरून आत आणू देत नाहीत. कढीपत्तापण नाही.”

“मग मी येऊन करू काय?”

“डिंक, खारीक, सुंठ आण. लोणी इथं मिळतं, तूप तू इथं कढव.”

काकी ते मान्य करतात, पण घरच्या गाईचं तूप न्यायचं नाही हे त्यांना लागलंय. त्या पदराशी चाळा करत बसतात.

आता राहिली अपॉइंटमेंट. पडद्यावर पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्राच्या मोकळ्या तारखा दिसतायत. मुलीला उद्याचीच घ्यायचीय. तात्या हात वर करून थांबवतात आणि कारखान्याच्या तोडीचं बघणाऱ्या चिटबॉयला फोन लावतात. तोड कधी? लागण जुलैची, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टोळी येईल, असं उत्तर येतं. “आणि दिवाळीचं बिल?” ते येत्या आठवड्यात.

तात्या फोन ठेवतात. बिल जमा झालं की स्टेटमेंटवर दिसेल, आणि टोळी आल्यावर रान सोडता यायचं नाही. या दोन्हींच्या मधली तारीख हवी. भाऊबीजेनंतरचा सोमवार, सकाळी साडेदहा. निर्णयाला साधारण १५ दिवस, फार तर ४५. तेवढे लागले तरी पासपोर्ट विमानाआधी हातात येतो.

“त्या दिवशी सकाळची धार कोण काढणार?” काकी विचारतात.

“आप्पा काढतील.”

“आधी इचारा त्यास्नी.”

तात्या पुन्हा फोन उचलतात. मुलीचं बोट माऊसवर थांबलंय.