वाटणीच्या आधी मोजणी

संसार मोडतो तेव्हा मनं दुखावतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दुःखाबरोबर एक हिशेबही मागे उरतो. घर कोणाच्या नावावर? धंद्यात वाटा कोणाचा? जिने तीस वर्षं घर आणि मुलं सांभाळली, तिच्या हाती काय? इंग्लंडमध्ये या हिशेबात मुरलेले काही बॅरिस्टर असतात. त्यांच्या कामाची आज ओळख करून घेऊ.

बॅरिस्टर हा शब्द आपल्याला नवा नाही. डॉ. आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनचे बॅरिस्टर होते. तिथे वकिलीची दोन अंगं आहेत. पक्षकाराशी रोजचा संबंध आणि कागदपत्रांची जुळवाजुळव साधारणपणे सॉलिसिटर पाहतो. कायद्याचा सल्ला देणं आणि न्यायाधीशांपुढे बाजू मांडणं हे बॅरिस्टरचं काम.

इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोटानंतरची आर्थिक व्यवस्था १९७३ च्या कायद्यानुसार ठरते. अल्पवयीन मुलांच्या हिताचा विचार आधी, मग दोघांच्या गरजा, मिळकत, वय, लग्नाची वर्षं. पूर्वी श्रीमंत घरातल्या पत्नीला 'गरजेपुरतं' मिळे, उरलेलं पतीकडे राही. ऑक्टोबर २००० मध्ये 'व्हाइट विरुद्ध व्हाइट' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हा विचार बदलला. शेतकरी जोडपं, तेहतीस वर्षांचा संसार. कमावणारा आणि घर सांभाळणारा यांच्यात भेदभाव नको, आणि निकाल देण्यापूर्वी तो समानतेच्या फूटपट्टीवर तपासून पाहावा, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. त्या पत्नीला मात्र निम्मं मिळालं नाही. पतीच्या वडिलांनी सुरुवातीला केलेली मदतही विचारात घेतली गेली.

पण निम्मं म्हणजे कशाचं निम्मं? खरी लढाई इथे असते. दोघांनाही 'फॉर्म ई' नावाचा लांबलचक तक्ता भरून द्यावा लागतो. बँकेचे बारा महिन्यांचे उतारे, घरं, शेअर, पेन्शन, कर्ज, सगळं सत्यावर स्मरून. बॅरिस्टर ही पानं सावकाश वाचतो. कंपनीचा ताळेबंद एक सांगतो आणि राहणीमान दुसरंच, असं दिसलं की तो प्रश्न विचारतो. धंद्याची किंमत ठरवायला हिशेबतज्ज्ञ नेमावा लागतो.

मालमत्ता कंपन्यांच्या नावावर ठेवली, म्हणजे सुटलो, असंही नाही. 'प्रेस्ट विरुद्ध पेट्रोडेल' खटल्यात तेलाच्या व्यापारातल्या पतीने न्यायालयाला पूर्ण माहिती दिली नाही. सात घरं कंपन्यांच्या नावावर होती. ती खरोखर पतीचीच आहेत, असं ठरवून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पत्नीला देवविली. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी दोन प्रकरणांत, लपवाछपवीने झालेली तडजोड पुन्हा उघडता येते, असा निर्वाळा दिला.

तरीही चांगला बॅरिस्टर भांडण वाढवत नाही. खटल्याच्या मध्यावर एक बैठक होते. तिथे न्यायाधीश आपला अंदाज सांगतात आणि तडजोड सुचवतात. ती फिसकटली, तर अंतिम सुनावणी दुसऱ्या न्यायाधीशांपुढे जाते, त्यामुळे दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलू शकतात. लांबलेल्या खटल्याचा खर्च शेवटी त्याच दोघांच्या पुंजीतून जातो, हे पक्षकाराला स्पष्ट सांगणं हाही सल्लाच.

आपल्याकडे काय? हिंदू विवाह कायद्यात अशा समान वाटणीचं तत्त्व नाही. न्यायालय पोटगी ठरवतं. गोव्यात मात्र, वेगळा करार नसेल तर, पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने पती-पत्नी मालमत्तेचे समान भागीदार असतात. आणि नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या दाव्यांत दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं आवश्यक केलं.

कायदे वेगळे असले तरी दोन्हीकडे गोष्ट एकच. वाटणी न्याय्य व्हायची तर आधी मोजणी खरी हवी. म्हणून घरातली कागदपत्रं कुठे आहेत, कर्ज किती, ठेवी कोणाच्या नावावर, हे पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असावं. ज्याला हिशेब माहीत नाही, त्याला आपला हक्क मागताही येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)